पाहिजे तेवढाच धूर

दिवाळी अंकांत आपल्या नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं मी शाळेपासून वाचत आले आहे. कुणी सगळं आयुष्य पोस्टात काढलेलं असतं, कुणी एसटीत, कुणी सरकारी दवाखान्यात. माझी नोकरी दोन वर्षंही पुरती झाली नाही, आणि ती ज्या दुकानात होती ते दुकानही आता नाही. मी अजून कॉलेजातच आहे. तरी आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, हे काम नगर जिल्ह्यात तुझ्याशिवाय कुणी केलं नसेल, तू लिही. मला नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात यापूर्वी कुणी अंगठ्याच्या पुढे फारसं काही लिहिलेलं नाही.

माझं काम चहाचा वास घेण्याचं होतं.

भिंगारच्या जुन्या बाजारात कापडाच्या एका दुकानाला लागून सुधाताईंचं चहाघर होतं. ताई मूळच्या भिंगारच्याच. त्यांचे वडील छावणीत कारकून होते. लग्नानंतर ताई कॅनडात मॉन्ट्रियलला गेल्या. तिथे लोक फ्रेंच बोलतात. ताईंना ती भाषा यायची नाही, म्हणून त्यांनी जिथे कमी बोलावं लागेल असं काम धरलं, एका चहाच्या दुकानात कपबशा धुण्याचं. त्या दुकानाच्या मालकीण एलेनबाई. कपबशा धुता धुता ताई उरलेल्या चहाचा वास घ्यायच्या हे एलेनबाईंनी पाहिलं आणि त्यांना आतल्या चाखण्याच्या टेबलावर नेऊन बसवलं. पुढे ताई तिथल्या मुख्य चाखणाऱ्या झाल्या. नवरा वारल्यावर वडिलांकडे परत आल्या. वडीलही गेले, तेव्हा खालच्या मजल्यावर त्यांनी हे दुकान काढलं.

मॉन्ट्रियलच्या गोष्टी ताई दुपारी गिऱ्हाईक नसताना सांगायच्या. म्हणजे बहुतेक रोजच. बाहेर गुडघाभर बर्फ, माणसं आत येतात, जाड कोट खुंटीला अडकवतात आणि एका छोट्या किटलीसमोर तासभर गप्प बसतात. दूध नाही, साखर नाही. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतायचं आणि दर वेळी चव कशी बदलते ते बघायचं. वसंतातला नवा चहा येणार म्हटलं की आपल्याकडे हापूसच्या पहिल्या पेटीची चौकशी करतात तशी चौकशी सुरू होते. बाग कुठली, डोंगराची बाजू कुठली, तोड कधीची. मला हे सगळं खोटं वाटायचं. चहासाठी कुणी गप्प कसं बसेल? आमच्याकडे तर चहा बोलण्यासाठीच करतात.

मी तिथे लागले ते एका पाटीमुळे. दारावर खडूनं लिहिलं होतं, 'मदतीला मुलगी पाहिजे. डोक्याला तेल नको.' मी हॉस्टेलला राहत होते, कॉलेज सकाळचं होतं. तेल सोडणं मला जड वाटलं नाही. आईला मात्र फार लागलं. सुट्टीला गावी, पाथर्डी तालुक्यात, गेले तेव्हा तिनं माझ्या केसांत बोटं घातली आणि म्हणाली, "अर्चे, गवताची गंजी झालीया गं डोक्याची. कालेजात असंच शिकिवत्यात व्हय?"

नुसतं तेलच नव्हे. गजरा नाही, वासाचा साबण नाही, चाखण्याच्या दिवशी कांदा-लसूण नाही. चहाचं पान जवळच्या कशाचाही वास ओढून घेतं, आणि चाखणाऱ्याचं नाकही तसंच. चाखायची रीत अशी. पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या कपात चिमूटभर पत्ती घ्यायची, उकळतं पाणी ओतायचं, वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली की झाकणासकट कप वाटीवर आडवा करायचा. पाणी वाटीत उतरतं, पानं मागे राहतात. ती ओली पानं झाकणावर उलटी करून आधी त्यांचा वास घ्यायचा. मग वाटीतला चहा चमच्यानं ओठाशी नेऊन जोरात फुरका मारायचा. फुरका जितका मोठा तितका वास टाळूमागे चढतो. मग थुंकायचं. हॉस्टेलमध्ये मुली मला फुरके मारते म्हणून हसायच्या, आणि इथे ताई म्हणायच्या, अजून मोठा मार, लाजू नकोस.

एक अडचण पहिल्या दिवसापासून होती ती पाण्याची. बोअरच्या पाण्यात चहा केला की वर तेलकट साय धरायची. फिल्टरचं पाणी घेतलं की चहा मुका व्हायचा. ताई दोन्ही मिसळून बघायच्या, जारचं पाणी आणून बघायच्या. मॉन्ट्रियलच्या नळाला येतं तसं पाणी भिंगारमध्ये त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. त्या म्हणायच्या, पाण्यापासूनच आपण हरलोय, बाकीचं बघू.

गिऱ्हाईकं थोडी, पण लक्षात राहण्यासारखी. एकदा भुसार बाजारातले एक व्यापारी आले. ताईंनी मोठ्या उत्साहानं त्यांना एकामागून एक तीन चहा दिले, प्रत्येकाची बाग सांगितली, पान दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे पिऊन घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं ताई, आता चहा सांगा." कॉलेजची जोडपी यायची, त्यांना फक्त बसायला जागा हवी असायची. आणि एक निवृत्त सुभेदारसाहेब रोज चारला यायचे. त्यांच्या खिशात साखरेची पुडी असायची. ताईंनी पाठ फिरवली की पुडी उघडायची. ताई पाठ मुद्दाम फिरवायच्या, हे मला नंतर कळलं.

अशा गिऱ्हाइकांवर दुकान चालत नव्हतं. ते चालायचं मॉन्ट्रियलवर. दर हंगामात दार्जिलिंगच्या, आसामच्या बागांतून ताईंकडे नमुन्याची पाकिटं यायची. ताई चाखायच्या, निवडायच्या, एलेनबाईंना कळवायच्या, आणि ताईंनी निवडलेला माल तिकडे जायचा. ते काम होतं म्हणून खाली दिवा लागायचा.

मी लागल्याला काही महिने झाले असतील. ताईंना ताप आला. आठवडाभर वर झोपून होत्या. बऱ्या होऊन खाली आल्या, मी कप लावून ठेवले होते. पहिल्या झाकणाचा वास घेतला आणि मला म्हणाल्या, "पाणी उकळलं नव्हतं का?" उकळलं होतं. दुसरं झाकण उचललं, तिसरं उचललं. मग वर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी गेले, तर स्वयंपाकघरात हिंगाची डबी उघडून नाकाला लावून उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल हळूहळू. रोज वेगवेगळ्या अर्कांच्या चार बाटल्यांचे वास घ्यायला सांगितले. ताई रोज घ्यायच्या. आला नाही.

दुसरं कुणी असतं तर लपवलं असतं. ताईंनी एलेनबाईंना फोन करून सरळ सांगितलं. आणि पुढे हेही सांगितलं, की माझ्याकडे एक मुलगी आहे, तिचं नाक चांगलं आहे, तिला एक हंगाम बघा. मी शेजारीच उभी होते. फ्रेंच मला कळत नव्हतं, पण 'अर्चना' कळलं.

ठरलं ते असं. शरदातल्या चहाचे नमुने मी चाखायचे. माझ्या निवडीचा माल मॉन्ट्रियलला पसंत पडला, तर काम आमच्याकडे राहील, दुकान राहील, आणि पुढच्या वर्षी एलेनबाई मला तिकडे शिकायला बोलावतील. नाही पडला, तर मग काहीच नाही. हे ताईंनी मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मी मात्र रोज काढत होते, मनात. हॉस्टेलच्या कॉटवर पडून मी बर्फाचा विचार करायचे. बर्फाला वास असतो का, हे ताईंना विचारायचं राहूनच गेलं.

आमची चाखायची रीत आता बदलली. मी वास घ्यायचे आणि जे आठवेल ते बोलायचे, ताई त्यावर फ्रेंच शब्द शोधायच्या. मला पुस्तकी काही येत नव्हतं. मी म्हणायचे, शेंगा भाजून चोळल्यावर टरफलांना येतो तो. किंवा कैरी चिरल्यावर विळीला येतो तो. ओलं गोणपाट उन्हात टाकल्यावर येतो तो. ताई डोळे मिटून ऐकायच्या. त्यांना वास येत नव्हता, पण आठवत होता. एकदा फोनवर त्यांनी एलेनबाईंना विळीचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि म्हणाल्या म्हणे, की ही मुलगी मला आत्ताच द्या. तो दिवस माझ्या कामातला सगळ्यात चांगला दिवस होता.

दिवाळी झाल्यावर नमुने आले. चांगले होते, बरेचसे एकसारखे. मग एका बागेच्या नमुन्याच्या कपाचं झाकण मी उचललं आणि खाली ठेवलंच नाही.

हे नीट सांगायला हवं. माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायला लागेपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचे. कोपी म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाची झोपडी, तिच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. आई उजाडायच्या आत उठायची. पाचट पेटवायची, वर जर्मनचं काळं पातेलं, त्यात कोरा चहा. मी गोधडीतच असायचे. धूर आत यायचा, त्याच्याबरोबर गुळाचा आणि ओल्या उसाचा वास. तो वास आला म्हणजे आई अजून आहे. थोड्या वेळानं कोयते निघायचे आणि दिवसभर ती दिसायची नाही. मी डोळे उघडायचे नाही, नुसती वास घेत पडायचे.

त्या झाकणावर हे सगळं होतं. गूळ होता, ओलं पान होतं, आणि मागे धूर.

"काय आहे?" ताईंनी विचारलं.

मी म्हणाले, हा सगळ्यात चांगला आहे.

"चांगला म्हणजे काय ते सांग. गोड?"

"गूळ आहे. ओल्या उसासारखं काहीतरी आहे. आणि धूर."

ताईंनी डोळे उघडले. "धूर किती?"

मी पुन्हा झाकण नाकाशी नेलं. मनापासून घेतला वास. आणि म्हणाले, "पाहिजे तेवढाच."

ताईंनी झाकण माझ्या हातातून घेतलं, स्वतःच्या नाकाला लावलं आणि खूप वेळ तसंच धरलं. मग खाली ठेवलं. म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्यावर सोडलं." तिकडे मुद्दाम धुरावलेले चहाही विकतात, चीनमध्ये पाइनच्या लाकडावर वाळवलेले, ते ताईंनी मला शिकवलं होतं. त्यामुळे धूर म्हणजे दोष असं माझ्या मनात कुठेच नव्हतं. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. शिकवणाऱ्या माणसाला कधीतरी विश्वास टाकावाच लागतो, एवढंच असेल.

माल गेला. एक पेटी आमच्याकडे ठेवून घेतली होती. संक्रांतीनंतर एलेनबाईंचा फोन आला. ताईंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. समोरचा आवाज रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं. ताई मध्येमध्ये मला मराठीत सांगत होत्या, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. त्या बागेच्या कारखान्यात पानं वाळवायच्या भट्टीला चीर गेली असणार, जळणाचा धूर पानांत शिरला. लावलेला धूर वेगळा आणि असा लागलेला वेगळा, दूध लागतं तसा. हा दोष नवशिक्याला पहिल्या आठवड्यात ओळखायला शिकवतात. सगळा माल बाजूला काढावा लागला.

मग एलेनबाईंनी एक प्रश्न विचारला, तो ताईंनी मराठीत सांगितला नाही.

"काय विचारलं?" मी म्हणाले.

"त्या दिवशी मुलीला सर्दी होती का, असं विचारतायत."

मी ताईंकडे बघत राहिले. त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या फोनला म्हणाल्या, 'नों', म्हणजे नाही, आणि पुढे काहीतरी. नंतर मी अर्थ विचारला. म्हणाल्या, "सांगितलं, तिचं नाक चांगलं होतं. तिला जे आलं ते खरंच त्यात होतं."

पुढच्या हंगामापासून तिकडचा माल कोलकात्याच्या दलालाकडून जाणार असं ठरलं. माझ्या जाण्याबद्दल त्या फोनवर कुणी काही बोललं नाही. नंतरही नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी मला विचारलं, तो वास तुला कुठला वाटला होता? मी कोपीचं सांगितलं. ऐकून त्या वाळूचं घड्याळ उलटं करत बसल्या. मग म्हणाल्या, "पाहिजे तेवढा म्हणजे किती, हे मी विचारायला हवं होतं. मी माझ्या मापानं ऐकलं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा शिकवायला घेतलं. काम गेलेलं होतं, शिकून उपयोग नव्हता, तरी. तो चहा आणि त्याच बागेचा जुना चांगला चहा शेजारी शेजारी ठेवायचे. इकडचा घे, तिकडचा घे. फरक सांग. मीही जिद्दीनं शिकले. रोज कॉलेजातून येऊन तेच. काही दिवसांनी तो धूर मला झाकण उचलायच्या आधीच यायला लागला, कडवट, घशात अडकणारा. गूळ येईना, ऊस येईना. नुसता दोष. ताई म्हणाल्या, आता तू तयार झालीस. आनंदानं म्हणाल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी सुभेदारसाहेब चारला आले. ताईंनी पाठ फिरवली, पण त्यांनी पुडी काढली नाही. बिनसाखरेचा चहा सगळा प्यायले. मी विचारलं, कसा वाटला साहेब?

"खरं सांगू का पोरी," ते म्हणाले, "मला हा चहा एक दिवस आवडला न्हाई. पण इथं बसलं की कोनी बोलत न्हाई. ते बरं हुतं."

ताई हसल्या. मॉन्ट्रियलचं माणूस अखेर भिंगारमध्ये सापडलं, म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

त्या जागेत आता गुळाच्या चहाचं दुकान आहे. तिथे गर्दी असते. ताई वरच राहतात. नाक आलेलं नाही. मी रविवारी जाते. त्यांच्या घरातलं दूध नासलंय का, भाजी आंबलीय का, ते वास घेऊन सांगते. माझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग आता उरला आहे. मॉन्ट्रियलचं आम्ही बोलत नाही.

दुकान आवरताना ताई म्हणाल्या होत्या, त्या पेटीतला चहा हवा तेवढा घेऊन जा. मी एक डबा भरला आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं बेलापूरला गेले. आईची टोळी तेव्हा तिथे प्रवरेकाठच्या उसात होती. मला वाटत होतं, तो चहा जगात एका माणसाला तरी बरोबर कळेल. ज्या चुलीचा वास मला त्यात आला होता, ती चूल जिची, तिला.

आई नुकतीच फडातून आली होती. तिनं मला जवळ घेतलं. लहानपणापासून मी तिच्या पदरात तोंड घालते, तसं घातलं. आणि जे मनात आलं ते लिहायला मला बरं वाटत नाही. कडवट, घशात अडकणारा. मी झटकन तोंड बाजूला केलं.

"काय झालं गं?" ती म्हणाली. "घामाचा वास येतोय व्हय?"

मी म्हणाले, न्हाई.

तिनं पाचट पेटवलं. मी पातेलं विसळलं, पाणी उकळलं, ताईंनी शिकवलं तसं बाजूला उतरवून पत्ती टाकली, झाकण ठेवलं. वाळूचं घड्याळ नव्हतं, मनात मोजलं. दूध नाही, साखर नाही. तिला म्हणाले, आधी नुसता वास घे. तिनं स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरला आणि माझं मन राखायला खरंच मन लावून वास घेतला. मग एक घोट घेतला. चुलीचा धूर आमच्या दोघींच्या मधून वर जात होता.

"याला वासच न्हाई गं," ती म्हणाली. "कशाचा यायला पायजे हुता?"

मी चुलीकडे बघितलं.

"कशाचाच न्हाई," मी म्हणाले, आणि गुळाचा खडा शोधायला कोपीत शिरले.